माशाचें शेपूट आणि आमची चूक

आमच्या घरीं मत्स्य पूजेंत येतो, पानांत येत नाहीं. त्यामुळें गेल्या महिन्यांत आम्ही नातीला घेऊन हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहावयास गेलों, याचें घरांत थोडें नवलच झालें. वाळूवर एक मुशी पडली होती आणि शेजारीं बांगड्यांची रास होती. नातीनें विचारलें, "आजोबा, मुशीच्या शेपटाचें वरचें पातें लांब आणि खालचें आखूड, बांगड्याचीं मात्र दोन्ही सारखीं. असें कां? आणि असें झालें तरी कसें?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. मुशीचा कणा टोंकाशीं वर वळून थेट वरच्या पात्यांत शिरतो, म्हणून तें लांब. यास आपण विषमपुच्छ म्हणूं. अशा पुच्छाच्या फटकाऱ्यानें अंगाला पुढें रेटा मिळतो आणि मागला भाग वरही उचलला जातो. पुढला भाग छातीचे पसरट पर तोलून धरतात. मुशीच्या पोटांत हवेची पिशवी नसते व तिचें अंग पाण्याहून जड असतें, म्हणून ही सोय. हाडांच्या माशांपैकीं बहुतेकांस अशी पिशवी असते व त्यांचें शेपूट समपुच्छ असतें. परंतु ही समता बाहेरची आहे. सांगाडा पाहिल्यास कण्याचें टोंक तेथेंही बहुधा वर वळलेलें दिसतें.

दुसऱ्या प्रश्नापाशीं मात्र आम्ही अडखळलों. आम्हीं तीस वर्षें वर्गांत असें सांगितलें कीं, माशाच्या पिलाचें शेपूट प्रथम सरळ, मग विषम, मग सम होतें. म्हणजे तें पूर्वजांचा सारा प्रवास पुन्हां करतें. एकोणिसाव्या शतकांत लुई अगासी यांनीं पिलांची वाढ व जुने अश्मीभूत मासे यांतील हें साम्य दाखविलें होतें. गंमत अशी कीं, त्यांना स्वतःला उत्क्रांति मान्य नव्हती!

पुढें २०१६ सालीं लॉरेन सॅलन या विदुषींनीं सुमारें ३५ कोटी वर्षांपूर्वींच्या एथेरेट्मॉन नांवाच्या माशाच्या पिलांचे स्कॉटलंडांतील अवशेष अभ्यासिले. त्या पिलांना वर एक मांसल शेपूट आणि खालीं पराचें दुसरें, अशीं एकावर एक दोन शेपटें होतीं. आजच्या माशांच्या पिलांतही हींच दोन दिसतात. म्हणून त्यांचें म्हणणें असें कीं, पिलू पूर्वजांची उजळणी करीत नसून मुळांतच शेपटें दोन होतीं. समपुच्छ माशांत वरच्याची वाढ खुंटली व खालचें वाढलें. जमिनीवर आलेल्या प्राण्यांत पर गेला आणि मांसल शेपूट राहिलें. म्हणजे बांगड्यांत जें खुंटलें, तें आपल्या माजघरांतील मांजर ऐटींत मिरवीत असतें!

हें आम्ही निवृत्तीनंतर वाचलें होतें आणि वाचून स्वस्थ बसलों होतों. त्या दिवशीं वाळूवर उभे राहून नातीला सारें सांगितलें. वर हेंही सांगितलें कीं, आजोबांनीं वर्गांत निराळें शिकविलें होतें. ती क्षणभर पाहत राहिली, मग म्हणाली, "मग तुम्ही त्या मुलांना कळविलेंत कां?"

तीं मुलें आतां संसारीं झालीं; त्यांतील कांहीं स्वतः शिक्षक आहेत. त्यांच्यापैकीं कोणाच्या घरीं हें मासिक येत असेल, तर त्यांनीं आमचा तो जुना धडा दुरुस्त करून घ्यावा.