गोव्याचा भाषावाद आणि ढाणकीतला जून महिना

जून आला की ढाणकीसारख्या गावात घराघरात एकच चर्चा सुरू होते. पोराला उर्दू शाळेत टाकायचं की मराठी? दादी म्हणते, उर्दू सुटली तर दीनची किताब कोण वाचणार? अब्बू म्हणतात, तहसीलचा कागद मराठीत, सातबारा मराठीत, पोलीस भरतीचा पेपरही मराठीत. आणि शेवटी बऱ्याच घरांत निर्णय होतो तो तिसराच: जवळची इंग्रजी कॉन्व्हेंट. फी झेपो की न झेपो.

दोन भाषांच्या भांडणात तिसरीच जिंकते, हे गोव्याने आपल्या आधी पाहिलं आहे. म्हणून तो इतिहास आपल्या कामाचा आहे.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद मात्र मिटला नाही. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं. मोठं आंदोलन झालं, त्यात माणसं मेली आणि १९८७ मध्ये राजभाषा कायदा आला. देवनागरी लिपीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली. १९९२ मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत गेली. मराठीवाद्यांना वाटलं, आपल्यावर अन्याय झाला. रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्या अनेक ख्रिस्ती लोकांना वाटलं, आपली लिपीच बाहेर ठेवली.

पण राजभाषेचा दर्जा मिळाला म्हणून वाचक मिळतोच असं नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे ६६ टक्के लोकांनी कोकणी आणि जवळपास ११ टक्के लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. तरी घरात कोकणी बोलणारा माणूस सकाळी मराठी पेपर उघडतो, हे तिथलं नेहमीचं चित्र. १९८७ मध्ये निघालेलं ‘सुनापरान्त’ हे कोकणी दैनिक २०१५ मध्ये बंद पडलं.

शाळेचंही तसंच. १९९० पासून सरकारी अनुदान फक्त कोकणी-मराठीसारख्या भारतीय भाषांच्या प्राथमिक शाळांना होतं. पालकांचा ओढा मात्र इंग्रजीकडे होता. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं. तेव्हा कोकणीवादी आणि मराठीवादी विरोधासाठी एकत्र आले. पण फार उशिरा!

आता आपल्याकडे बघा. रत्नागिरी-रायगडचा कोकणी मुसलमान घरात कोकणी बोलतो, मुलांना उर्दू शिकवतो, सरकारी कामाला मराठी वापरतो. त्याला यात विरोध दिसत नाही. आपल्या यवतमाळातही घरातली बोली ‘हमकू-तुमकू’ची, त्यात अर्धे शब्द वऱ्हाडी. बाजारात बंजारा भाऊ गोरमाटी बोलतो आणि आपल्याशी मराठी. मग भांडण आहे कुठे?

भांडण आहे ते भाषेला धर्म चिकटवणाऱ्यांचं. अकोला जिल्ह्यातल्या पातूरचं प्रकरण आठवा. नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू लिहिली, म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू पाटी कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट सांगितलं. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनं १९९० पासून भरत आहेत. मराठी ‘त्यांची’ आणि उर्दू ‘आपली’, ही वाटणी खोटी आहे.

पण कोर्टात जिंकून पोरं शिकत नाहीत. खरा प्रश्न वर्गातला आहे. उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी असते, पण दुय्यम भाषा म्हणून. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीला ‘कुमारभारती’ शिकतो, तर दुसरी भाषा म्हणून मराठी घेणारा ‘अक्षरभारती’. पुढे भरतीच्या पेपरला दोघं एकाच बाकावर बसतात. फरक तिथे दिसतो. उलट मराठी शाळेत गेलेल्या आपल्या पोराला घरातलं उर्दू पत्रसुद्धा वाचता येत नाही.

राज्यघटनेचं कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं, कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतं. हे हक्क सोडायचे नाहीत. पण सोबत दोन मागण्या लावून धरायला हव्यात: उर्दू शाळेत मराठीचा चांगला, पूर्णवेळ शिक्षक, आणि जिथे मुलं आहेत तिथे मराठी शाळेत उर्दू हा विषय. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी हे बोललं पाहिजे. मोहल्ल्यातल्या वाचनालयात एक उर्दू आणि एक मराठी पेपर शेजारी-शेजारी ठेवायला तर कुणाची परवानगीही लागत नाही.

इंग्रजी शिकूच नये असं कुणी म्हणत नाही. पण दोन्ही भाषा अर्धवट टाकून तिसरीत अर्धवट राहिलेलं पोर ना दादीशी बोलू शकतं, ना तहसीलदाराशी. पुढच्या जूनपर्यंत वेळ आहे. एवढा विचार आपण नक्कीच करू शकतो.