संतापाचे अर्थकारण
अमेरिकी केबल वाहिन्यांवरील जहाल भाष्यकारांच्या लोकप्रियतेचे खापर १९८७ साली ‘न्याय्यता सिद्धांत’, म्हणजे वादग्रस्त प्रश्नाच्या विरोधी बाजूही मांडण्याचे बंधन, रद्द होण्यावर फोडले जाते, परंतु हा नियम मुख्यतः परवानाधारक प्रक्षेपण केंद्रांसाठी होता. केबल वाहिनीला प्रत्येक वर्गणीदार घरामागे, ते घर ती पाहो वा न पाहो, ठरावीक शुल्क मिळते, त्यामुळे निष्ठावान प्रेक्षकांचा छोटा गट रोज संतप्त ठेवणे तिला परवडते. २०२० च्या निवडणुकीविषयीचे खोटे आरोप प्रसारित केल्याचा दावा फॉक्स न्यूज या अशाच केबल वाहिनीने २०२३ मध्ये ७८.७५ कोटी डॉलर देऊन मिटवला. तत्पूर्वी न्यायालयात उघड झालेल्या खासगी संदेशांत काही नामवंत निवेदक त्या आरोपांना निरर्थक म्हणत होते आणि प्रेक्षक दुरावण्याच्या भीतीने धास्तावलेही होते, ही बाब लोकशाहीसाठी अत्यंत चिंताजनक आहे.