निर्दोष सुटल्याचा निकाल ठाण्यात कोण वाचतं?

पोलीस अधिकारी रमाकांत कुळकर्णी मुंबईहून परभणी जिल्ह्यातल्या मानवतला आले, त्यांनी खुनांची मालिका उलगडली, आरोपी धरले. २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही वेब मालिका आली आणि ही हकिकत नव्या पिढीपर्यंतही पोहोचली. पण आरोपी आत गेले की तपासाची खरी परीक्षा सुरू होते. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ दरम्यानच्या त्या खुनांचा खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला, उच्च न्यायालयात गेला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. काहींवरचा दोष टिकला. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांकडे बोट होतं, ते अखेर सुटले.

'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो निकाल वकील आजही कोर्टात दाखवतात. माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्याला महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुजोरा हवा आणि तो प्रत्येक आरोपीपुरता हवा, हे त्यात आहे. कबुलीजबाब नोंदवताना दंडाधिकाऱ्याने घ्यायच्या काळजीचीही चर्चा आहे. आपल्याच जिल्ह्यातला हा धडा, पण पालम ठाण्यात नव्याने रुजू होणाऱ्या फौजदाराला तो कुणी वाचायला देत असेल, असं मला वाटत नाही.

फौजदार नाशिकच्या अकादमीतून कायदा शिकून येतो. पंचनामा लिहायला मात्र तो ठाण्यात शिकतो, आणि तिथली जुनी पद्धत म्हणजे आधीचा पंचनामा समोर ठेवून नावं, तारीख, चतुःसीमा बदलायच्या. वाळूचा टिप्पर असो की शेताच्या बांधावरची हाणामारी, वाक्यं तीच. पंचही पुष्कळदा ओळखीचेच. मग वर्षं उलटतात, साहेबांची बदली होते, समन्स निघतं आणि ते कुठल्या तरी लांबच्या ठाण्याहून सकाळी निघून थेट पिंजऱ्यात उभे राहतात. सरतपास निभावतो. उलटतपासात विचारतात : पंचांना कुठून बोलावलं? पंचनामा जागेवर लिहिला की ठाण्यात बसून? मुद्देमालाला सील केव्हा लावलं? प्रयोगशाळेत पाठवेपर्यंत तो कुणाच्या ताब्यात होता, आणि मुद्देमाल रजिस्टरला तशी नोंद आहे का? बचावाच्या वकिलावर चिडण्यात अर्थ नाही, तो त्याचं काम करतोय. हेच प्रश्न दोषारोपपत्र पाठवण्याआधी ठाण्यातल्या कुणी विचारले असते, तर निम्मी दुरुस्ती तेव्हाच झाली असती.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे. कॅमेरा आला, आता पंच फितूर झाला तरी बिघडत नाही, असं काही जण म्हणतात. पण पंच जागेवर उशिरा आला असेल, तर तेही त्याच चित्रीकरणात दिसणार आहे. शिवाय त्या फाइलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राचा वाद मिटला तोही मराठवाड्यातल्याच एका प्रकरणात. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल हे प्रतिस्पर्धी उमेदवार कोर्टात गेले. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळ उलटल्यावर घेतला का, हे चित्रफितीवरून ठरायचं होतं. मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र लागणारच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं. गोरंट्याल यांनी ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, म्हणून त्यांना तेवढी सूट मिळाली. पोलीस कोणत्या तोंडाने अशी सूट मागणार?

म्हणून माझा आग्रह निकालपत्रांचा आहे. गुजरातमधल्या किशनभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्येच राज्यांना बजावलं होतं : आरोपी सुटला की तपासात काय चुकलं ते तपासा आणि ते प्रशिक्षणात घाला. मला ते ठाण्याच्या पातळीवर हवंय. आरोपी सुटला की महिन्याभरात सरकारी वकिलांनी तपासी अंमलदार, मुद्देमाल कारकून आणि बीट जमादाराला एकत्र बसवून निकाल वाचून दाखवावा.

वाचून दाखवावा, असं मुद्दाम म्हणतोय. तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तरी निकालपत्रं बहुतेक इंग्रजीतच निघतात. ज्या जमादाराच्या पंचनाम्यावर चार पानं टीका होते, त्याने तो पंचनामा मराठीत लिहिलेला असतो. पुराव्याच्या चर्चेची तेवढी चार पानं तरी त्याला मराठीत मिळावीत.