कोऱ्या रकान्यातले शेतकरी

गावाच्या रकान्यात कुणी ‘नांदगाव’ लिहितं, कुणी ‘नांदगाव खं.’, कुणी पूर्ण ‘नांदगाव खंडेश्वर’. वाचणाऱ्याला तिन्ही एकच; सॉफ्टवेअरला तीन वेगळी गावं. आणि नुसतं ‘नांदगाव’ असेल, तर ते अमरावतीजवळचं नांदगाव पेठही असू शकतं, नाशिक जिल्ह्यातलंही. म्हणून नावासोबत जनगणनेचा गाव-क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा.

वऱ्हाडातल्या शेतीवर पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचे कित्येक आठवडे माहितीच्या अशा सफाईत जातात. प्रबंधात मात्र तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. नमुना किती, कसोटी कोणती, हे सगळं असतं. कच्च्या माहितीत काय बदललं, कोणाला गाळलं, ते नसतं. मला हे फार गंभीर वाटतं.

क्षेत्राचंच घ्या. सातबाऱ्यावर 1.20 म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळपास तीन एकर. शेतकरी तोंडी ‘तीन एकर’ सांगतो. दोन्ही आकडे एकाच रकान्यात पडले आणि सगळे एकर धरले, की सातबारा दाखवणाऱ्याचं एकरी उत्पादन अडीच पट फुगतं. तारखेचंही तसंच. पाऊस लांबला, सोयाबीन 5 जुलैला पेरलं. अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला प्रोग्राम 5/7 चा अर्थ 7 मे असा लावतो. मे महिन्यात कोरडवाहू सोयाबीन कोणी पेरत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. 15/7 ही तारीख निदान अडकते, पंधरावा महिना नसतो म्हणून. 5/7 मात्र बिनबोभाट आत शिरते.

सगळ्यात घातक कोरा रकाना. ‘सावकाराचं कर्ज किती?’ असं विचारल्यावर पुष्कळ जण गप्प राहतात, शेजारी बसलेला असेल तर जास्तच. एक्सेल सरासरी काढताना कोरी चौकट सोडून देतं. एसपीएसएस या सांख्यिकी प्रोग्राममध्ये तिथे 999 भरायची जुनी रीत आहे, पण त्याचा अर्थ ‘उत्तर नाही’ हे प्रोग्रामला वेगळं सांगावं लागतं. नाही तर ते 999 रुपये होतात. ‘आर’ हा मोफत प्रोग्राम एक जरी उत्तर कमी असलं तरी सरासरी द्यायला नकार देतो, तुम्ही स्पष्ट परवानगी देईपर्यंत. नवख्याला त्याचा राग येतो, पण मला तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो. कारण स्टाटा या दुसऱ्या प्रोग्राममध्ये कोरी जागा कुठल्याही आकड्याहून मोठी धरली जाते. ‘एक लाखाहून जास्त कर्ज असलेले मोजा’ म्हटलं, की गप्प राहिलेले सगळे त्यांत जाऊन बसतात. कुठलीही चूक दाखवली जात नाही, तक्ता सुबक छापून येतो, आणि ज्याने तोंड उघडलं नाही तो तालुक्यातला मोठा कर्जदार ठरतो.

रकाने बदलले की काय होतं, हे देशाने पाहिलं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2014 मध्ये वर्गवारी बदलली. 2013 च्या 11,772 शेतकरी आत्महत्यांशेजारी 2014 च्या 5,650 ठेवल्या, तर संकट निम्म्यावर आल्यासारखं दिसतं. शेतमजुरांच्या 6,710 आत्महत्यांचा रकाना वेगळा झाला होता. अमरावती विभागाच्या शेतकरी आत्महत्यांच्या तक्त्यांतही मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ यांच्यासोबत ‘चौकशीसाठी प्रलंबित’ असतं. दोनच गट सोयीचे म्हणून प्रलंबित गाळणं म्हणजे ती घरं अभ्यासातूनच पुसणं.

सबमिशन जवळ आलं की ‘डेटा ॲनालिसिस करून मिळेल’ अशा पाटीखाली फाईल देणारे असतात. अनोळखी सॉफ्टवेअर कुणी शिकवलं नसेल, तर ती मुलं दुसरं काय करणार? पण त्या दुकानातल्या माणसाने शेतकऱ्याचं गप्प राहणं पाहिलेलं नसतं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने प्रबंधासोबत हात न लावलेली मूळ फाईल आणि सफाईची प्रत्येक आज्ञा क्रमाने लिहिलेली दुसरी फाईल मागावी. मार्गदर्शकाने ती स्वतः एकदा चालवून पाहावी. आणि तोंडी परीक्षेत संदर्भसूचीआधी विचारावं: किती शेतकरी गाळले, कोणते, आणि का?