नवशिक्याच्या हाती .32 नको

जुन्या घाटणीचे नेमबाजीचे पिस्तूल घ्यायचे तर .32 किंवा .38 बोअरचेच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला पटत नाही. या बोअरची सेंटर फायर स्पर्धा असते, पण ऑलिम्पिकमध्ये ती नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये 25 मीटरचे सुवर्ण जिंकले ते .22 च्या पिस्तुलावर. धक्का कमी, काडतूस स्वस्त, म्हणून सराव भरपूर होतो. मोठ्या बोअरच्या धक्क्याने नवशिक्याला गोळी सुटण्याआधीच दचकायची खोड लागते, आणि ती एकदा जडली की सुटता सुटत नाही.

गोंदिया, तिरोडा, आमगावच्या मुलामुलींनी तर 4.5 मिलिमीटरच्या एअर पिस्तुलानेच सुरुवात करावी. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे! तिथे छर्रा बसवताना पकड, श्वास, ट्रिगरवरचे बोट, सगळ्यांचा कस लागतो. शस्त्रपरवाना काढून .22 घेणे त्यानंतरचे.

पत्रलेखकांनी आपले .32 जरूर वापरावे. नवशिक्यांना मात्र तो सल्ला कृपया देऊ नये.

– एक वाचक, गोंदिया