कुबलाईची नोट
मागील पानावरून : खतावणीकार

कुबलाई खानाचं मोठेपण मोजायला बसलं की आधी नकाशा उलगडला जातो. १२६० मध्ये खानपद, १२७१ मध्ये युआन घराण्याची घोषणा, १२७९ पर्यंत अवघा चीन खिशात. पण त्याची सत्ता किती मुरली होती, हे नकाशापेक्षा त्याच्या नोटेवरून जास्त कळतं. तुतीच्या सालीचा काळपट कागद, त्यावर नाण्यांच्या माळांचं चित्र, लाल शिक्का आणि खाली तंबी : बनावट नोट छापणाऱ्याला मरणदंड, खबऱ्याला चांदीचं बक्षीस. जीर्ण नोट शेकडा ३ कापून बदलून मिळे, असं मार्को पोलो सांगतो. घोड्यावरून आलेली सत्ता बाजारात अशी उतरली होती.

कागदी चलन तर चीनमध्ये आधीपासूनच होतं, मग यात कुबलाईचं काय? आक्षेप रास्त आहे. सुंग राजवटीच्या नोटा होत्याच. पण त्या बहुधा ठरावीक मुदतीच्या, ठरावीक मुलखापुरत्या. कुबलाईने १२६० मध्ये काढलेल्या नोटेला मुदत नव्हती, ती साम्राज्यभर चालायची होती आणि तिच्यामागे चांदी ठेवलेली होती. श्रेय शोधाचं नाही, शिस्तीचं आहे.

ती शिस्त मोडली तीही त्याच्याच हातून. जपानवर १२७४ आणि १२८१ अशा दोन स्वाऱ्या झाल्या, दोन्ही फसल्या. पुढे व्हिएतनाम. खर्च थांबेना. अर्थमंत्री अहमदच्या काळात प्रांतोप्रांतीची राखीव चांदी राजधानीत ओढली गेली आणि छपाई वाढतच राहिली. शेवटी १२८७ मध्ये नवी नोट काढावी लागली : जुन्या पाच द्या, नवी एक घ्या. दरबाराने स्वतःच दिलेली ही कबुली मला जपानी किनाऱ्यावरच्या पराभवापेक्षा बोलकी वाटते.

यावर कुणी म्हणेल, घराणं तर १३६८ पर्यंत टिकलं. टिकलं, आणि ते बुडण्यामागे पूर, दुष्काळ, बंडं असं बरंच काही होतं. सगळं खापर नोटेवर फोडता येणार नाही. पण नोट चालते ती हुकुमाने नव्हे, हे कुबलाईच्याच नात्यातल्या इराणच्या राज्यकर्त्याला कळलं नाही. कुबलाई वारला त्याच वर्षी, १२९४ मध्ये, गैखातूने तबरीझमध्ये हुबेहूब तशाच नोटा काढल्या. नाव चिनीच ठेवलं, ‘चाव’. नाकारणाऱ्याला मृत्युदंड, असा हुकूमही काढला. तबरीझच्या व्यापाऱ्यांनी दुकानंच बंद केली, आणि काही आठवड्यांत हुकूम मागे घ्यावा लागला.