सहा दिशांचे घर

गेल्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर विहारात एका ताईंनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "बाई, आमच्या घराला वास्तुदोष आहे म्हणतात. स्वयंपाकघर ईशान्येला पडलंय, म्हणून घरात रोज भांडणं. ओटा फोडून आग्नेयेला घ्यायचा तर ऐंशी हजार खर्च. मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे आहेत, ते मोडू का?"

मी म्हटले, "ताई, आधी घर बघू, मग ओटा."

वास्तुशास्त्रातले सगळेच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. सकाळचे कोवळे ऊन स्वयंपाकघरात यावे, दुपारची उन्हं आणि पावसाळ्यातला नैऋत्येचा मारा जाड भिंतीने अडवावा, यात जुन्या गवंड्यांचा अनुभव आहे. तो जरूर घ्यावा. पण त्याच शास्त्रात आणखी काय आहे तेही आपल्याला ठाऊक हवे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वास्तुविद्येवर एक अध्याय आहे. त्यात जमिनीचा रंगसुद्धा वर्णाप्रमाणे वाटला आहे. ब्राह्मणाला पांढरी, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी, शूद्राला काळी. ब्राह्मणाच्या मोठ्या घराची रुंदी ३२ हात, मग चार-चार हात कमी करत १६ पर्यंत. त्याखालच्यांना त्याहूनही कमी. आपल्या आजा-पणजांना गावकुसाबाहेर ठेवणारा विचार तो हाच. त्याच्या हिशेबाने आज आपण आपला ओटा फोडायचा काय?

दिशांविषयी तथागतांनीही सांगितले आहे. राजगृह नगरीत सिगाल नावाचा तरुण भल्या सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. मरताना वडिलांनी तसे सांगितले होते. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही; खऱ्या दिशा कोणत्या ते समजावले. आई-वडील ही पूर्व, गुरुजन ही दक्षिण, पत्नी व मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर. नोकर-कामकरी ही खालची दिशा आणि श्रमण ही वरची. या नात्यांतली कर्तव्ये पाळली की सगळ्या दिशा सुरक्षित होतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थ, मुले, शिष्य, पती-पत्नी, मालक-नोकर यांचे विनय दिले आहेत.

मी ताईंच्या घरी गेले. दोन खोल्या. पूर्वेची खिडकी कपाटामागे बंद. टीव्ही मोठ्याने चालू आणि मुलगी दाराशी जमिनीवर वही घेऊन बसलेली. सासूबाईंच्या गोळ्या संपून चार दिवस झालेले, कोणी विचारले नव्हते. आणि या घरावर पतपेढीचे दुसरे कर्ज आहे, हे ताईंना हप्त्याचा कागद आला तेव्हा कळले! भांडणाचे मूळ तिथे होते. पतीने पत्नीचा मान राखावा, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, असे सिगालाला सांगितले होते. म्हणजे त्या घराची बिघडली होती ती पश्चिम दिशा. ईशान्येचा काही दोष नव्हता.

मी दादांना हे स्पष्ट बोलले. आधी ते रागावले. मग उठून त्यांनी कपाट सरकवले. खिडकी उघडली, तिच्याखाली मुलीसाठी टेबल आले. आता पगाराच्या दिवशी दोघे बसून वहीत हिशेब लिहितात. वाद अजून होतात, पण लपवाछपवी नाही. मुलीची फी वेळेवर भरली. ओटा जागच्या जागी आहे.

तथागतांनी सिगालाला उपदेश केला त्याच नगरीचे नाव बाबासाहेबांनी दादरच्या आपल्या घराला दिले, आणि त्या घरात सर्वांत मोठा मान दिला पुस्तकांना. भगिनींनो, नवे घर घ्याल तेव्हा उजेड बघा, वारा बघा, पाणी बघा. मग एकच विचारा, लेकराच्या अभ्यासाचा कोपरा कुठे आहे? तो सापडला की घराची दिशा बरोबर आहे असे समजा.

जय भीम.